केस वाढण्याचे दिवस

काल सकाळी फळीवरची खोबरेलाची बाटली हातात घेतली, तर तेल थिजलेलं. नौपाड्यात हल्ली अशी थंडी क्वचितच पडते. इमारती एकमेकींना इतक्या चिकटून उभ्या राहिल्या आहेत की थंडीला आत शिरायला वाट नाही. पण या वर्षी ती आली. बाटली खिडकीतल्या उन्हाच्या पट्ट्यात ठेवली आणि तेल सुटायची वाट बघत खुर्चीत बसून राहिले. कडेनं तेल आधी सुटतं. मधला पांढरा गड्डा लहान लहान होत जातो आणि मग बाटलीत नुसता तरंगू लागतो. मला हे बघायला फार आवडतं. बघता बघता एक जुनी थंडी आठवते. मी पंधरा-सोळा वर्षांची होते आणि माझ्या डोक्यावर केस नव्हते.

तेव्हाही आम्ही नौपाड्यातच राहायचो. दोन खोल्या, मागे पडवी, पडवीपुढे विहीर आणि विहिरीपाशी जास्वंदीचं झाड. अप्पा, म्हणजे माझे वडील, कोर्टात कारकून होते. घरात ते, आई, मी आणि आत्या. आत्या अप्पांची थोरली बहीण. मानमोडीच्या साथीत तिचा नवरा गेला, तेव्हा ती साधारण माझ्याच वयाची होती. सासरच्यांनी तिचं केशवपन करून तिला माहेरी पोचवलं, ती तिथलीच झाली. लाल आलवण, त्याचा पदर कपाळापर्यंत ओढलेला, आणि हात सतत कामात. मी तिला दुसऱ्या रूपात कधी पाहिलंच नव्हतं. पंधरवड्यातून एकदा गणपत न्हावी मागच्या दारानं यायचा. तो आला की आई मला पुढच्या खोलीत बसवून मधलं दार लोटून घ्यायची. विहिरीच्या रहाटाचा आवाज आला, म्हणजे आत्या अंघोळीला गेली, आता दार उघडायला हरकत नाही, एवढं मला कळायचं.

आणि माझे केस मात्र गुडघ्यापर्यंत. आळीत माझं नाव मालती आहे हे कितीजणींना ठाऊक असेल कोण जाणे. केसांची मालू म्हटलं की सगळ्यांना कळायचं. रविवारी आई शिकेकाई उकळायची. न्हाऊन झालं की शेगडीवर वेताची टोपली पालथी घालून तिच्यावर माझे केस पसरायची आणि निखाऱ्यांवर धूप टाकायची. त्या धुराचा आणि ओल्या केसांचा मिळून एक वास असायचा. तो वास म्हणजे माझ्या लेखी रविवार. हळदीकुंकवाला गेले की बायका शेपटा हातात धरून वजन करून बघत. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं. आरशात मी चेहरा कधी नीट पाहिलाच नसावा. पाठमोरी उभी राहून, मान वळवून, शेपटा कुठवर पोचला तेवढंच बघायची.

त्या वर्षी आश्विनात मला मुदतीचा ताप आला. तापाचे दिवस मला आठवत नाहीत. आठवतात त्या कपाळावरच्या ओल्या पट्ट्या, आणि उशाशी बसलेल्या आत्याचं पुटपुटणं. दिवाळीच्या सुमारास ताप उतरला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि आईनं माझ्या केसांत फणी घातली. फणीबरोबर केसांचा झुबका आला. आईनं तो घाईघाईनं पदराआड केला. दुसऱ्या दिवशी उशीवर, तिसऱ्या दिवशी अंथरुणावर, मग नुसता हात फिरवला तरी मुठीत केस. मधूनमधून टाळू दिसू लागली. डॉक्टर म्हणाले, तापानंतर असं होतं, सगळे कापून टाका, नवे जोमानं येतील. ते सहज बोलून गेले. आई मात्र माझा उरलेला शेपटा हातात धरून बसली.

कापायचे कुणी, हा पुढचा प्रश्न. घरात न्हावी यायचा तो आत्यासाठी. त्याच माणसानं, त्याच पडवीत, लग्नाच्या मुलीच्या डोक्याला हात लावायचा, ही कल्पनाच आईला सहन होईना. ती तसं स्पष्ट बोलली नाही, पण आत्याला कळलं. ती उठली, शिवणाच्या डब्यातली कात्री घेतली आणि म्हणाली, मी कापते.

मागच्या पडवीत सकाळचं ऊन आलं होतं. आत्यानं मला पाटावर बसवलं आणि स्वतः माझ्यासमोर बसली. मला वाटलं होतं, ती मागे बसेल. कात्री मांडीवर ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली.

"रडायचं असेल तर आत्ता रड," ती म्हणाली. "पोटभर रड. मला कुणी रडू दिलं नव्हतं."

मी रडले. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण आत्यानं एकदाही पुरे म्हटलं नाही. माझं रडणं आपोआप थांबलं, तेव्हा तिनं पदरानं माझं तोंड पुसलं आणि मग ती मागे गेली. कात्रीचा आवाज कानाशी कसा येतो, ते मला त्या दिवशी कळलं. मान हळूहळू हलकी होत गेली. आईनं पडलेले केस गोळा करून एका जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून ठेवले.

त्यानंतरचे दिवस मी पडवीत काढले. शाळेत जायला तयार नव्हते. पुढच्या खोलीत कुणी आलं की मागे पळायची. आईनं भिंतीवरचा आरसा काढून ट्रंकेवर उपडा ठेवला होता. ती माझ्यासाठी केलेली दया होती, पण त्यामुळे मला वाटायचं, आरशानंही आता माझ्याकडे बघायचं सोडलं. डोक्याला रुमाल बांधून मी पायरीवर बसायची. उन्हात बसायचं आणि रुमालही सोडायचा नाही.

कोपरीहून बारकूबाई भाजी घेऊन यायची. खाडीकडच्या वस्तीतली, मिठागरात काम केलेली बाई. काळीसावळी, कोपरापर्यंत गोंदलेली, अंबाड्यात अबोलीची वेणी. डोक्यावर पाटी घेऊन चालायची, तेव्हा सगळा रस्ता आपल्यासाठीच बांधलाय अशा थाटात चालायची. तिनं पाटी उतरवली, मला बघितलं, काय झालं ते आत्याकडून ऐकलं आणि सरळ मला म्हणाली, "कनाला डोकं झाकतेस गो? ऊन लागू दे त्याला."

मी काही रुमाल काढला नाही. पण पुढच्या खेपेला तिनं भाजीबरोबर माक्याची जुडी आणली. भातकापणी झालेल्या खाचरांच्या बांधावर माका अजून हिरवा होता. आत्यानं तो वाटला, जास्वंदीची फुलं आणि आवळे घातले आणि लोखंडी कढईत खोबरेल उकळायला ठेवलं. तो वास दिवसभर घरात राहिला. तेव्हापासून रोज सकाळी आत्या बाटली उन्हात ठेवायची, तेल सुटलं की मला समोर बसवायची, आणि रुमाल निमूटपणे निघायचा. तिची बोटं कामानं खरखरीत झालेली, पण डोक्यावर फिरताना ती जराही टोचत नसत. तेल लावून झालं की तळहाताला उरलेलं ती स्वतःच्या पायांच्या भेगांना चोळायची. स्वतःच्या डोक्याला तिनं तेल लावल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. मला त्याचं नवलही वाटलं नव्हतं. घरातल्या माणसांच्या बाबतीत किती गोष्टींचं आपल्याला नवल वाटत नाही.

एके दिवशी अप्पा कोर्टात गेल्यावर मी ट्रंकेवरचा आरसा उचलला आणि उजेडात नेला. मला वाटलं होतं, काहीतरी भयंकर दिसेल. दिसला तो एक चेहरा. रुंद कपाळ, जरा मोठे कान, आणि डोळे अप्पांसारखे. माझे कान मला त्या थंडीत पहिल्यांदा दिसले. हा चेहरा इतकी वर्षं इथेच होता आणि मी त्याला पाठ दाखवत होते. सुंदर वाटला असं नाही म्हणणार. पण ओळख करून घ्यावीशी वाटली. मी आरसा पुन्हा भिंतीवर लावला. संध्याकाळी आईनं तो पाहिला आणि पदरानं त्यावरची धूळ पुसली.

गणपत त्या दिवसांत गावी गेला होता. त्याच्या भावाची भातझोडणी होती, त्यामुळे त्याचं येणं लांबलं. पौषातल्या एका सकाळी आत्या माझ्या डोक्याला तेल लावत होती. माझे केस तोवर बोटाच्या पेराएवढे झाले होते, मऊ, उभे, पाखराच्या पिलासारखे. मला काय वाटलं कोण जाणे, मी तळहातांवर थोडं तेल घेतलं आणि तिचा पदर मागे सारून तिच्या डोक्याला लावलं. हाताला खुंटांची खरखर लागली.

"आत्या, तुझेही आलेत," मी म्हटलं.

ती दचकली. पदर ओढायला हात वर गेला आणि अर्ध्यावरच थांबला. मग तिनं स्वतःचा हात डोक्यावर ठेवला, एखाद्या परक्याच्या वस्तूला लावावा तसा, आणि तसाच राहू दिला. त्या दिवशी मी तिच्या डोक्याला तेल लावलं. दुसऱ्या दिवशी ती माझ्यासमोर आपणहून बसली.

पुढे गणपत आला. मागच्या दाराशी धोकटी ठेवून त्यानं हाक मारली. आत्या भांडी घासत होती. मान वर न करता तिनं सांगितलं, आज नको. पंधरवड्यानं तो पुन्हा आला, तेव्हाही तिनं तेच सांगितलं. त्यानंतरच्या खेपेला रविवार होता आणि अप्पा घरी होते. गणपत बिचारा घोटाळला. त्यानं अप्पांनाच विचारलं की बाईंचं काय ते सांगा, मी येऊ की नको. अप्पा पडवीत आले. मी जास्वंदीपाशी उभी होते, आणि आईनं त्या दिवशी मधलं दार लोटलं नाही.

अप्पा अबोल माणूस. आत्यासमोर तर फारच. तिनंच त्यांना वाढवलेलं. ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "आक्का, तब्येत बरी नाही का?"

"बरी आहे," आत्या म्हणाली. "म्हणूनच नको म्हणते."

अप्पा उभे राहिले. विहिरीवर कावळा बसला होता, त्याच्याकडे बघत राहिले. नातेवाइकांची तोंडं त्यांच्या डोळ्यांपुढून गेली असतील. कदाचित पंधरा-सोळा वर्षांची, माहेरी आणून सोडलेली बहीणही आठवली असेल. मग त्यांनी सदरा काढून खुंटीला लावला, आत्याचा तो नेहमीचा पाट पायानं ओढला आणि त्यावर बसले. "माझे वाढलेत रे," ते गणपतला म्हणाले. "माझे काप."

त्या घरात त्या विषयावर एवढंच बोलणं झालं. गणपत पुढेही येत राहिला, अप्पांसाठी, आणि पुढच्या दारानं.

खरी कसोटी माघात होती. कल्याणच्या काकांच्या सिंधूचं लग्न ठरलं होतं. काका आमंत्रणाला आले आणि आत्याला बघून बोलायचे थांबले. आत्या चहा ठेवून आत गेली. मग काका जास्वंदीकडे बघत बोलू लागले. थंडी फार आहे, आक्काला एवढ्या धावपळीत कशाला त्रास, असं म्हणाले. मुलाकडची मंडळी जुन्या वळणाची आहेत, मालूच्या डोक्याचंही काहीतरी बघा, असंही म्हणाले. काका वाईट माणूस नव्हते. मुलीच्या लग्नात घाबरलेले बाप जसे असतात तसे होते.

आईनं त्याची सोय आधीच करून ठेवली होती. माझ्याच केसांचं तिनं गंगावन करून आणलं होतं. लग्नाच्या दिवशी पहाटे तिनं मला पुढ्यात घेतलं. एवढ्याशा केसांत ते राहीना. तिनं काळी फीत घट्ट आवळून बांधली, आकडे खोचले, वरून गजरा माळला. ओढ बसून माझे डोळे पाणावले. मी आरशापुढे उभी राहिले, आणि आरशात केसांची मालू परत आली होती. शेपटा पार खाली पोचलेला. मला हवं होतं तेच समोर होतं, पण मान हलवायची सोय नव्हती. हललं तर सुटेल या भीतीनं मी खांबासारखी उभी. असं दिवसभर राहायचं, हसायचं नाही, वाकायचं नाही, कुणी शेपटा हातात धरला तर श्वास रोखायचा.

मागे आत्या चूल पेटवत होती. ती घरी एकटी राहणार होती. तिनं कुणालाही काही म्हटलं नव्हतं.

मी आकडे काढायला लागले. आईनं हात धरला. मी म्हटलं, मी लग्नाला येत नाही, आत्याजवळ थांबते. चिडून बोलले नाही. मला खरंच तसं वाटत होतं. आईनं माझा हात सोडला नाही, पण तिची पकड ढिली झाली. ती माझ्याकडे, मग मागच्या दाराकडे बघत राहिली. माझी आई भित्री होती. लोकांच्या नजरेनं तिला दम लागायचा. मला वाटलं, ती रडेल. ती उठून चुलीपाशी गेली आणि म्हणाली, "वन्सं, तुम्हीही चला. मला एकटीला तिथे उत्तरं देता येणार नाहीत. तुम्ही बरोबर असलात तर येतील."

आत्या फुंकणी हातात धरून बघत राहिली. अप्पा दारातून म्हणाले, मग आवरा लवकर, गाडी चुकेल.

गजरा तेवढा आईनं टाकू दिला नाही. माळायला जागा नव्हती, म्हणून तो माझ्या मनगटाला गुंडाळला.

कल्याणला मांडवात शिरताना मी आत्याच्या मागे राहिले, हे कबूल करते. सनई चालू होती, आणि आम्ही आत गेल्यावर माना वळल्या. काकूंचा चेहरा उतरला. काका पुढे आले, आत्याच्या पदराबाहेर डोकावणाऱ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं, आणि हळू आवाजात म्हणाले, आक्का, हे काय.

"डोक्याला थंडी वाजते रे," आत्या म्हणाली. अगदी सरळपणानं म्हणाली. लहानपणी काका याच बहिणीच्या कडेवर वाढलेले. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, आत शेगडीपाशी बस मग.

माझ्याकडे नवऱ्या मुलाची एक म्हातारी मावशी वळली. तिनं मला नखशिखांत न्याहाळलं आणि विचारलं, कुणाची गं तू, आणि केसांना काय झालं? आई माझ्या मागेच होती. इतके महिने हाच प्रश्न टाळण्यासाठी मी पळत होते. मी म्हटलं, "मी सिंधूची चुलत बहीण. मला मुदतीचा ताप आला होता. आता बरी आहे, केस येतायत." मावशी म्हणाली, अगंबाई, वाचलीस हो, आमच्या शेजारची गेली त्यात. आणि शेजारी जागा करून तिनं मला बसवून घेतलं. एवढंच. ज्या प्रश्नानं माझी दिवाळी आणि संक्रांत खाल्ली, त्याचं उत्तर एका दमात सांगून झालं होतं. मग मी हसले, वाकून अक्षता उचलल्या, पंगतीत ताकाचं भांडं घेऊन धावले. सगळ्यांनी कौतुक केलं असं नाही. दोघी-तिघींनी तोंडं वाकडी केली, एकजण आईला काहीतरी टोचूनही बोलली. पण आईनं आत्याचा हात धरून ठेवला होता आणि ती उत्तर देत होती.

जेवणं झाल्यावर मी आत्याला शोधत मागच्या बाजूला गेले. तिथे काकूंची म्हातारी आई नारळ खवत बसली होती. तीही आलवणातली. आत्या तिच्याशेजारी होती. मी दारातच थांबले. त्या आजींनी विळी बाजूला सारली, हात पदराला पुसला आणि आजूबाजूला कुणी नाही असं बघून आत्याच्या डोक्यावर ठेवला. केसांवरून तळवा अलगद मागेपुढे फिरवला.

"टोचतात का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही," आत्या म्हणाली. "मऊ असतात."

आजींनी हात काढला नाही. मी आवाज न करता परत फिरले.

माझे केस पुढे आले, पण गुडघ्यापर्यंत पुन्हा कधीच नाही. खांद्याखाली जरा, एवढेच. मॅट्रिक झाले, पुढे शिक्षिका झाले, लग्न झालं, आणि कुठल्याच दारातून आत जाताना मला माझ्याआधी माझे केस पाठवावे लागले नाहीत. हल्ली आमच्या गल्लीच्या तोंडाशीच ब्युटी पार्लर आहे. तिथून बाहेर पडणाऱ्या मुली छान दिसतात, मला बघायला आवडतात. नटावं, जरूर नटावं. फक्त नटून झाल्यावर मान हलवता आली पाहिजे.

आणि आत्या. त्या उन्हाळ्यापर्यंत तिचे केस कानांवर आले होते, पांढरेशुभ्र आणि कुरळे. कुरळे आहेत हे तिलाही आठवत नव्हतं. संध्याकाळी आम्ही दोघी गावातल्या तलावाकाठी फिरायला जायचो. ती आधी पदर दोन्ही हातांनी धरून, भिंतीच्या कडेकडेनं चालायची. चैत्रातल्या एका संध्याकाळी खाडीवरून जोराचा वारा सुटला. तलावाचं पाणी शहारलं, काठावरच्या पिंपळाची पानं सळसळली, आणि आत्याचा पदर डोक्यावरून निसटून खांद्यावर आला. समोरून माणसं येत होती. मी तो सावरायला हात पुढे केला. आत्यानं माझा हात हातात घेतला आणि खाली केला. वाऱ्यावर तिचे केस सगळीकडे उडत होते, आणि ती डोळे मिटून तशीच उभी राहिली होती. माणसं शेजारून निघून गेली.

मग तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "चल, आणखी एक फेरी मारू."